देठ आणि धागा

एकोणिसावे शतक सरत आले असता ऑस्ट्रियातील ग्राझ या नगरीत कार्ल निकोलादोनी नावाच्या शस्त्रवैद्याने पाच वर्षांच्या एका मुलाच्या हातावर जो प्रयोग केला, तो आज ऐकला तरी ऐकणाऱ्याने क्षणभर स्तब्ध व्हावे असा आहे. मुलाचा अंगठा तुटून गेलेला होता. बोटे मोजणारा मनुष्य म्हणेल की पाचांतले एक गेले. परंतु ज्याच्या आधाराने मनुष्य चिमूट धरतो, मूठ आवळतो, गाठ मारतो आणि लेखणी चालवितो तो अंगठाच असल्यामुळे, अंगठा गेला म्हणजे निम्मा हात गेला असा शस्त्रवैद्यांचा हिशेब आहे, आणि तो रास्त आहे. निकोलादोनीने या मुलाच्या पायाचे एक बोट काढून ते अंगठ्याच्या जागी बसविण्याचे योजिले. पण बोट एकदम कापून हातावर शिवले तर रक्तावाचून ते काळे पडून गळून जाणार, हे त्यास पक्के ठाऊक होते. म्हणून त्याने ते बोट, देठासारखा एक भाग पायास लागलेला ठेवून, अर्धवटच सोडविले, हाताच्या थोटकाशी जुळवून शिवले, आणि हात व पाय एकत्र जखडून त्या बालकास तसेच निजवून ठेवले. पायाचे रक्त देठातून बोटास पोशीत राहिले, दरम्यान हाताकडून नव्या रक्तवाहिन्या त्यात शिरू लागल्या, आणि त्या पुरेशा शिरल्या असे दिसल्यावर देठ कापून बोट पायापासून मोकळे करण्यात आले. पाच वर्षांच्या मुलास स्वतःच्याच पायाला बांधून पडून राहण्यास लावणे म्हणजे काय, हे त्या वयाचे मूल घरात असलेल्या कोणासही समजावून सांगण्याची गरज नाही.

देठाची ही युक्ती आपल्या मुलखास नवी नव्हती. १७९२ च्या टिपूविरुद्धच्या लढाईत इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी टिपूच्या हाती कैद झाला, आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. पुढे पुण्याजवळ विटा भाजणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी, भुवयांच्या मध्ये तिचा देठ राखून, खाली वळविली आणि तिचे नाक घडविले. टॉमस क्रूसो व जेम्स फिंडले या मुंबई इलाख्याच्या चाकरीतील दोन वैद्यांनी ही क्रिया समक्ष पाहिली, आणि तिची हकीकत १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये प्रसिद्ध झाल्यावर युरोपातील शस्त्रवैद्यांचे या विद्येकडे नव्याने लक्ष गेले. हा वृत्तान्त आपल्याकडे अभिमानाने सांगितला जातो, आणि तो सांगावाही. पण त्याच वृत्तान्तातील तुटलेला हात सांगणारे बहुधा विसरतात. कावसजीचे नाक परत आले, हात परत आला नाही. नाकाला कातडी पुरते आणि तिचा देठ कपाळावर हाताशीच असतो. हाताला अस्थी, तिला स्नायूंशी जोडणाऱ्या कंडरा, मज्जातंतू, शुद्ध रक्त नेणाऱ्या रोहिण्या आणि अशुद्ध रक्त परत आणणाऱ्या नीला हे सर्व एकाच वेळी लागते, आणि तुटून पडलेल्या पंजाला देठच उरलेला नसतो. देठ नसेल तेथे विद्या थांबत असे. पुण्याच्या कारागिराची थांबली, आणि शंभर वर्षांनी ग्राझच्या प्राध्यापकाचीही त्याच वेशीवर थांबली.

ही वेस ओलांडण्याचा मार्ग एकच होता, तो म्हणजे तुटलेली रक्तवाहिनी पुन्हा शिवणे. १८९४ साली फ्रान्सचे अध्यक्ष सादी कार्नो यांचा लियाँ शहरी खंजिराने घात झाला, तेव्हा त्यांच्या उदरातील कापलेली मोठी नीला शिवण्याची कोणासच छाती झाली नाही, आणि ते गेले. त्या शहरात वैद्यक शिकणाऱ्या अलेक्सिस कारेल या तरुणास ही गोष्ट लागून राहिली. त्याने तेथील एका निष्णात कशिदेकरणीकडे जाऊन बारीक सुईचे काम शिकून घेतले, आणि १९०२ साली, वाहिनीच्या वर्तुळाकार तोंडास तीन ठिकाणी टाके घालून ते त्रिकोणासारखे ताणावे व मग कडा शिवाव्या, अशी रीत प्रसिद्ध केली. १९१२ साली तिच्याबद्दल त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. विद्यापीठांच्या दप्तरी या शोधाचे श्रेय कारेलच्या नावे नोंदलेले आहे; ती कशिदेकरीण त्या दप्तरात फारशी कोठे सापडत नाही.

कारेलची रीत मोठ्या वाहिन्यांना लागू पडली. बोटातील रोहिणी मोठ्या माणसातही जेमतेम एक मिलिमीटर रुंदीची असते आणि दोन वर्षांच्या मुलात अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. तिथे ही रीत सुमारे अर्धे शतक निरुपयोगी ठरली, कारण टाका जिथे घालायचा तेच दिसत नव्हते. कानाच्या शस्त्रवैद्यांनी मात्र शस्त्रक्रियेच्या टेबलाशी सूक्ष्मदर्शक आणलेला होता. स्वीडनच्या कार्ल न्यूलेनने त्याचा वापर १९२१ पासूनच चालविला होता. शेजारच्या खोलीतील हे यंत्र रक्तवाहिनीवर रोखावे, हे सुचण्यास एकोणचाळीस वर्षे लागली. १९६० साली अमेरिकेतील व्हर्मोंट विद्यापीठात ज्यूलियस जेकबसन व त्याचा सहकारी स्वारेझ यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दीड मिलिमीटरहूनही अरुंद वाहिन्या शिवून दाखविल्या, आणि तेव्हा असे ध्यानात आले की मनुष्याचा हात पूर्वीपासूनच पुरेसा सूक्ष्म होता, उणीव डोळ्यांची होती.

यानंतरची घटना जगाने वर्तमानपत्रांतून वाचली. १९६२ च्या मे महिन्याच्या २३ तारखेस बॉस्टनजवळच्या समरव्हिल गावी बारा वर्षांचा एक मुलगा चालत्या मालगाडीवर चढू गेला, दगडी भिंतीवर आपटला आणि त्याचा उजवा हात खांद्याखालून समूळ तुटला. मुलगा शुद्धीवर होता. तुटलेला हात बाहीत होता आणि तो त्याने दुसऱ्या हाताने धरून ठेवलेला होता. मॅसॅच्युसेट्स जनरल इस्पितळात त्या वेळी मुख्य निवासी शस्त्रवैद्य असलेला रोनाल्ड मॉल्ट अवघ्या तीस वर्षांचा होता. अशा वेळी थोटूक नीट शिवून पुढे कृत्रिम हाताची तरतूद करावी, हा सर्वमान्य रिवाज होता आणि तो पाळला असता तर मॉल्टला कोणीही बोल लावला नसता. त्याने हात बर्फात ठेवविला, त्यातील वाहिन्या धुवून काढल्या, निरनिराळ्या शाखांच्या वैद्यांना एकत्र केले, आणि प्रथम वाहिन्या जोडून हाताला रक्त मिळू दिले. अस्थीत सळई घातली. मज्जातंतूंची जोडणी मात्र काही महिने लांबणीवर टाकली. पांढराफटक पडलेला तो हात गुलाबी झाला. समूळ तुटलेला मानवी अवयव परत बसून जगल्याचे हे पहिले निःसंशय उदाहरण, आणि तेही मुलाचे. मॉल्टने ही हकीकत वैद्यकीय नियतकालिकात छापण्यास दोन वर्षे घेतली, कारण हात जगला एवढ्यावर त्याचे समाधान नव्हते, तो वापरात येतो की नाही हे त्यास पाहावयाचे होते. हा संयम मला त्या शस्त्रक्रियेइतकाच मोलाचा वाटतो.

दरम्यान १९६३ च्या जानेवारीत शांघायच्या सहाव्या जनता इस्पितळात चेन चोंगवेई व त्याच्या सहकाऱ्यांनी यंत्रात मनगटाच्या वर तुटलेला एका कामगाराचा पंजा बसविला आणि त्याच वर्षी त्याचा वृत्तान्त प्रसिद्धही केला. पहिले कोण, बॉस्टन की शांघाय, यावर पुढे बरीच शाई खर्च झाली. ती शाई वाया गेली असे माझे मत आहे, कारण दोन्ही ठिकाणच्या वाहिन्या तशा जाड होत्या आणि खरी कसोटी बोटाची होती. ती जपानातील नारा येथे पार पडली. २७ जुलै १९६५ रोजी शिगेओ कोमात्सु आणि सुसुमु तामाई यांनी एका तरुण कामगाराचा समूळ तुटलेला अंगठा सूक्ष्मदर्शकाखाली रोहिण्या व नीला शिवून परत बसविला. १९६८ साली हे वृत्त प्रसिद्ध झाले आणि जगभरच्या इस्पितळांतून तुटलेली बोटे कचऱ्याच्या पेटीत जाणे हळूहळू कमी होऊ लागले.

आता प्रश्न सुई-धाग्याचा होता. कॅलिफोर्नियातील हॅरी बंकी याने घरच्या गॅरेजात प्रयोगशाळा थाटून, वैद्य असलेल्या पत्नीच्या साहाय्याने, सशाचे कान कापून परत बसविण्याचे प्रयोग वर्षानुवर्षे चालविले होते. एक मिलिमीटरच्या वाहिनीत शिरून तिला न फाडणारी सुई बाजारात मिळत नव्हती, म्हणून त्याने धाग्याच्या टोकावरच धातूचा मुलामा चढवून त्याची सुई बनविली. १९६६ च्या सुमारास त्याने माकडाच्या पायाचा अंगठा एकाच बैठकीत हातावर बसविला. १९६६ सालीच शांघायमध्ये यांग तुंगयुए याने मनुष्याच्या पायाचे दुसरे बोट हातावर नेले, आणि १९६८ साली इंग्लंडातील ईस्ट ग्रिन्स्टेड येथे जॉन कॉबेट याने पायाचा अंगठा हाताला जोडला. निकोलादोनीच्या बालरुग्णास ज्यासाठी हातापायांनी जखडून पडावे लागले, ते काम आता एका दीर्घ शस्त्रक्रियेत उरकू लागले. केसाच्या निम्म्याहूनही बारीक अशा नायलॉनच्या धाग्याने देठाची जागा घेतली.

असे असूनही अगदी लहान मुलांपर्यंत ही विद्या पोचण्यास आणखी दशक-दीड दशक गेले. १९८० च्या आसपास मेलबर्नचा बर्नार्ड ओब्रायन आणि अमेरिकेतील लुइव्हिलचा हॅरॉल्ड क्लायनर्ट यांच्या पथकांनी मुलांवरील पुनर्रोपणांचे आपापले अनुभव छापले, आणि त्यांतून या शाखेचा एक अलिखित कायदा सिद्ध झाला: प्रौढाच्या बाबतीत एकटे बोट तुटले असेल तर ते बसवावे की नाही याचा विचार करावा, मुलाच्या बाबतीत मात्र जवळजवळ प्रत्येक तुटलेला भाग बसविण्याचा प्रयत्न करावा. याला कारणे भक्कम होती. मुलाची अस्थी लवकर सांधते. मज्जातंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढत असल्याने छोट्या हातात त्याला थोडेच अंतर कापावे लागते, आणि स्पर्शाची नवी भाषा शिकण्यास बालकाचा मेंदू मोठ्यांच्या मेंदूपेक्षा कितीतरी तत्पर असतो. शिवाय ज्या पट्टीतून बोटाचे हाड वाढते ती सुरक्षित राहिली तर बसविलेले बोट मुलाबरोबर बरेचसे वाढत जाते. म्हणूनच मुलाच्या बोटात जाड सळई न घालता एखादी बारीक तार घालतात, आणि तीही शक्य तो वाढीच्या पट्टीस उपद्रव न देता.

गंमत अशी की बोटे जगण्याचे प्रमाण मुलांत मोठ्यांहून कमीच भरले. वाचकास हे विसंगत वाटेल. पण एक तर त्या वाहिन्या शिजलेल्या शेवईच्या टोकाइतक्या नाजूक, आणि दुसरे म्हणजे मोठ्या माणसाची जी चेचलेली बोटे शस्त्रवैद्य हात न लावता सोडून देतो, तीच मुलाची असली तर तो सोडीत नाही. अवघड प्रकरणे अधिक हाती घेतल्यावर अपयशाचा आकडा फुगणारच. ज्या इस्पितळाचा यशाचा आकडा निष्कलंक आहे, त्याने अवघड मुलांना दारातूनच परत पाठविले नाही ना, हे पाहणे बरे.

शस्त्रक्रिया संपली म्हणजे दुसरी परीक्षा सुरू होते. मूल घाबरून रडले की वाहिन्या आकुंचन पावतात, आणि आठ तास खपून शिवलेली रोहिणी काही मिनिटांत गोठू शकते. म्हणून खोली उबदार ठेवतात, वेदना होऊ देत नाहीत, आईला जवळ बसवितात, आणि हात बोटांपासून कोपराच्या वरपर्यंत प्लास्टरमध्ये घालतात, कारण दोन वर्षांच्या मुलास ‘हात हलवू नकोस’ हे फर्मान लागू पडत नाही. तेच मूल कंडरेच्या व्यायामाचे हुकूमही पाळीत नाही. कंडरेच्या शिवणीचा इतिहास हा स्वतंत्र विषय आहे. हस्तशल्याचा अमेरिकी आचार्य स्टर्लिंग बनेल याने १९४४ साली आपला मोठा ग्रंथ लिहिला तेव्हा, तळव्याच्या बोटांकडील आडव्या रेषेपासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंतच्या प्रदेशात तुटलेली कंडरा ताबडतोब शिवू नये असा त्याचा सक्त इशारा होता, आणि १९६७ च्या सुमारास क्लायनर्टने तो इशारा मोडून दाखविला. अशा शिवणीनंतर मोठ्या रुग्णास थोड्याच दिवसांत बोटे हलविण्यास शिकवितात; मुलाचा हात काही आठवडे बांधून ठेवतात, आणि तरीही तो पुढे बहुधा ताठरत नाही. बाकीचे काम खेळ करतो. मऊ चिखल, पीठ, मणी यांच्यावर जी बोटे चालतात, त्यांना निराळ्या व्यायामाची फारशी गरज उरत नाही.

मज्जातंतू जुळले की नाही, हे बोलता न येणाऱ्या मुलास विचारायचे कसे? याला आयर्लंडच्या शेमस ओरियन याने १९७३ साली एक सोपा उपाय सुचविला. हात कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवावा. ज्या बोटाचा मज्जातंतू शाबूत असतो त्याच्या त्वचेवर सुरकुत्या पडतात, ज्याचा तुटलेला असतो ते बोट गुळगुळीत राहते. उपकरण नको, मुलाची साक्ष नको.

सूक्ष्मदर्शकही हरेल इतकी नीला बारीक असली म्हणजे रक्त बोटात शिरते पण बाहेर पडत नाही, आणि बोट निळेजांभळे होते. १९८५ साली बॉस्टनमध्ये जोसेफ अप्टन या शस्त्रवैद्याने कुत्र्याने तोडलेला पाच वर्षांच्या मुलाचा कान बसविला आणि तो असाच निळा पडू लागला, तेव्हा त्याने त्यावर जळवा लावल्या व कान वाचला. तो कानाचा मामला होता, बोटाचा नव्हे. पण त्या घटनेनंतर बोटाच्या टोकाच्या पुनर्रोपणातही जळवांचा उपयोग पुन्हा प्रतिष्ठित झाला. आपल्याकडे सुश्रुताने आपल्या संहितेच्या सूत्रस्थानात जळवांसाठी एक सबंध अध्याय दिला आहे, त्यात सविष सहा व निर्विष सहा अशी त्यांची विभागणी केली आहे, आणि रक्त काढण्याचा हा सर्वांत सौम्य उपाय ज्यांच्यासाठी सांगितला त्यांत बालकांचा नामनिर्देश केला आहे. बॉस्टनच्या इस्पितळातील प्रयोजन निराळे होते, हे मात्र कबूल केले पाहिजे. आपल्या ग्रंथांत सर्व काही आधीच होते असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीत मला बसावयाचे नाही.

देठाची विद्याही अगदीच टाकाऊ झाली नाही. १९५७ ते १९६१ या काळात पश्चिम जर्मनीत विकल्या गेलेल्या थॅलिडोमाइड या औषधाने तेथे सहस्रावधी मुले हातापायांच्या व्यंगांसह जन्मास आली, आणि त्यांतील कित्येकांस अंगठाच नव्हता. हॅम्बुर्गच्या डीटर बुक-ग्रॅम्को याने तर्जनी तिच्या स्वतःच्या रोहिण्या व मज्जातंतूंसह, म्हणजे अंतर्गत देठासह, उचलून, आखूड करून व फिरवून अंगठ्याच्या जागी बसविण्याची रीत परिपूर्ण केली आणि १९७१ साली ती सविस्तर मांडली. ही शस्त्रक्रिया लहानपणीच करावी, म्हणजे मूल वस्तू धरावयास शिकते ते नव्या अंगठ्यानेच शिकते, असा तिचा मथितार्थ होता. कातडी सोलून निघालेल्या तळव्यास जांघेच्या त्वचेचा देठयुक्त पट लावण्याची १९७२ सालची ग्लासगोची रीतही, जेथे सूक्ष्मदर्शक नाही तेथे आजही मुलांच्या उपयोगी पडते.

आणि आता या इतिहासातील जे प्रकरण मला सर्वांत अधिक आवडते ते. शेफील्डच्या बाल-इस्पितळात सिंथिया इलिंगवर्थ नावाची वैद्या अपघात-विभाग पाहत असे. दारात सापडून बोटाचे टोक तुटलेली मुले तेथे वारंवार येत. रिवाजाप्रमाणे अशा टोकावर कातडीचा पट शिवावयाचा किंवा हाड आखूड करून जखम बंद करावयाची. तिने तसे न करता जखम नुसती धुवून साधी पट्टी बांधण्याचा मार्ग धरला, आणि शेवटच्या सांध्याच्या पुढे तुटलेली टोके काही आठवड्यांत नखासह पुन्हा भरून येतात, असा अनुभव १९७४ साली प्रसिद्ध केला. अट एकच: शस्त्रवैद्याने मध्ये पडावयाचे नाही, कातडी शिवून जखम बंद केली की ती वाढ थांबते. ज्या दशकात सूक्ष्मदर्शक व धागा यांचा सर्वत्र जयजयकार चालला होता, त्याच दशकात एका वैद्येने सुई खाली ठेवण्याचे धैर्य दाखविले. मालगाडीवर चढू गेलेल्या बॉस्टनकडील मुलाने शस्त्रवैद्यांस धाडस शिकविले तर शेफील्डच्या मुलांनी निग्रह; आणि कोणत्या हातापुढे यांपैकी काय वापरावे हे ज्यास समजते, तोच मुलांचा खरा हस्तशल्यज्ञ होय, असा माझा अभिप्राय आहे.

आपल्या प्रदेशात मुलांचे हात सापडतात ते उसाच्या चरकात, कडबा-कुट्टीच्या यंत्रात, दाराच्या बिजागरीत आणि दिवाळीच्या फटाक्यांत. मळणीयंत्रांनी शेतकऱ्यांचे हात तोडण्याचे प्रकार फार वाढल्यावर १९८३ साली केंद्र सरकारने धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला. परंतु घराच्या अंगणातील कुट्टीयंत्राशेजारी खेळणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाचे रक्षण कोणत्याही कलमाने होत नाही, ते घरातील माणसांनीच करावे लागते. आणि अपघात झालाच तर वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे. जखमेवर स्वच्छ कापड दाबून बांधावे, दोरीने आवळू नये. तुटलेला भाग स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळावा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचे तोंड बंद करावे आणि ती पिशवी बर्फात ठेवावी. तो भाग थेट बर्फावर किंवा पाण्यात ठेवू नये, त्याने तो नासतो. थंड राखलेले बोट बरेच तास टिकते, परंतु ज्यात स्नायू आहेत असा पंजा किंवा हात सहा तासांच्या आत शस्त्रवैद्याच्या हाती पडला पाहिजे. सूक्ष्मशस्त्रक्रियेची सोय असलेल्या इस्पितळास निघण्यापूर्वीच फोन करावा. तुकडा कितीही लहान असो, कितीही चेचलेला दिसो, तो बरोबर न्यावा. तो निरुपयोगी आहे हे ठरविण्याचा अधिकार शस्त्रवैद्याचा आहे, आपला नाही.